मधली घडी

माझ्या ताईनं आजवर एकाही गिऱ्हाइकाला त्याचं माप मोठ्यानं सांगितलेलं नाही. टेप अंगाभोवती फिरवायची, आकडा मनात धरायचा, वळून टेबलाच्या लाकडावर खडूनं लिहायचा आणि कापड बेतून झालं की तळहातानं पुसून टाकायचा, ही तिची रीत. बाकीचे शिंपी लिलाव पुकारल्यासारखे आकडे ओरडतात. समोरच्या बाईच्या कमरेचा घेर रस्त्यावरच्या सायकलवाल्यालाही कळतो. ताईला ते खपत नसे. "अंगाचं कुणाचं कुणाला सांगायचं नसतं," ती म्हणायची. "ज्याचं त्यालाही नाही."

तिचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. रस्त्याकडे काचेचं दार, दाराशी उंच आरसा, दोन मशीनं. त्यातलं पायाचं शहाणं आणि विजेचं रुसकं. मधोमध बेतायचं टेबल, त्याच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवलेली. भिंतीवर खिळ्यांची रांग आणि खिळ्यांना टांगलेले कागदाचे नमुने. कागद भावजींच्या छापखान्यातला. मोठ्या रिळाच्या शेवटी जो उरतो तो भावजी गुंडाळी करून घरी आणायचे. अर्धा बायकोला द्यायचे, अर्धा मला, कारण मी शाळेत गणित शिकवते आणि मलाही कागद लागतोच. भावजी माणूस सोन्यासारखा, पण बोलण्याच्या बाबतीत हात फार आखडता. गुंडाळी टेबलावर ठेवून "घ्या" म्हणाले की त्यांचं दिवसाचं बोलणं संपलं असं आम्ही समजायचो.

ते नमुने सगळे अर्धे असतात. नवख्या माणसाला चमत्कारिक वाटतं. अर्धी पाठ, अर्धी छाती, एकच बाही. पण पूर्ण लागतंच कशाला? कापडाची दुहेरी घडी घालायची, घडीच्या काठाला नमुन्याची सरळ बाजू लावायची, कापायचं आणि उलगडायचं. अख्खी पाठ तयार. डावीकडे जे आहे तेच उजवीकडे, आरशात पाहिल्यासारखं. मी वर्गात याला सममिती म्हणते आणि त्या काठाला सममितीचा अक्ष. ताई नुसतं "मधली घडी" म्हणते. माझे शब्द ऐकले की ती तोंड दाबून हसायची. "मास्तरीणबाई, तुमचा अक्ष जरा इकडे सरकवा, इस्त्री ठेवायचीय."

भूमितीशी तिचं लहानपणापासून वाकडं. आम्ही दोघी एकाच शाळेत होतो, ती चार इयत्ता पुढे. गुरुजींनी फळ्यावर ठोकळा काढला आणि याला पृष्ठं किती, असं विचारलं, तेव्हा ही उभी राहून म्हणाली, "एकच. फळ्याचं." वर्ग हसला, गुरुजी चिडले, आणि ताई उरलेला तास दाराबाहेर उभी राहिली. तिला चेष्टा करायची नव्हती. सपाट चित्रात उंचवटा बघायचा असतो, ही गोष्टच तिच्या डोक्यात शिरत नव्हती. घरी येऊन तिनं साबणाचं खोकं कडांवर उसवलं, जमिनीवर पसरलं आणि मला म्हणाली, "आता सहा दिसतात बघ." ती परीक्षेत नापास झाली ती झालीच. पुढं शाळा सुटली आणि कात्री हातात आली.

मी नोकरीला लागले तेव्हा तिनं माझ्या वर्गासाठी कापडाच्या घनाकृती शिवून दिल्या. आत चिंध्या भरलेल्या. घन झाला, इष्टिकाचिती झाली, वृत्तचिती तर इतकी सुबक झाली की एका पोरानं तिची उशी केली. गोलाचे मात्र हाल झाले. सपाट कापड गोल व्हायला तयार होईना. तिनं निमुळत्या पट्ट्यांच्या कळ्या कापून जोडल्या, तर भोपळा झाला. उसवून पुन्हा शिवला, तर लहान भोपळा झाला. मुलांनी तो वर्षभर लाथाडला. "कापडाला फुगवटा नसतो आणि अंगाला सपाटी नसते," ती वैतागून म्हणाली. "दोघांची समजूत घालता घालता माझा जीव जातो." तो तिचा धंदाच होता, आणि त्यात ती पटाईत होती हे मान्यच करायला हवं.

गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहिलं की तिचे डोळे आधी खांद्यांवर जायचे, एकावरून दुसऱ्यावर. पोस्टमनचा पिशवीचा खांदा खाली आलेला. एका शिक्षकाचा फळ्यावर लिहिणारा हात लांब. दूधकेंद्रावरच्या बाईंची कंबर मूल एकाच बाजूला घेऊन घेऊन तिरकी झालेली. "माझ्या टेपेखालून अर्धं गाव गेलं," ताई म्हणायची. "दोन्ही खांदे सारखे असलेला एक माणूस आणून दाखव, त्याला कोट फुकट शिवते." मग ती काय करायची? नमुना तोच अर्धा, कापणं तेच घडीवर. नंतर एका खांद्यात कापसाची पातळ गादी, दुसरीकडे शिवण दोरा-दोरा आत. माणूस कोट घालून आरशात बघायचा आणि ताठ उभा राहायचा. त्याला कारण कळायचं नाही. "मी घेते सांभाळून," एवढंच ती म्हणायची. गिऱ्हाइकाला वाटायचं, ही कापडाबद्दल बोलतेय.

आणि कापडापुरतंच ते नव्हतं. आई अंथरुणाला खिळली तेव्हा घर तिनं सांभाळून घेतलं. मी लग्न करत नाही म्हणून बोलणाऱ्यांची तोंडं तिनं बंद केली, कुणाची गोड बोलून, कुणाची झग्याची शिलाई कमी करून. वाकडं दिसू द्यायचं नाही, हा तिचा स्वभावच होऊन बसला होता. मला त्याचा राग यायचा आणि माझं त्यावर भागतही होतं.

बटण म्हणजे तिची मुलगी. लग्नानंतर फार उशिरा झालेली, एकुलती एक. रांगत असताना तिनं कोटाचं बटण गिळलं आणि ते बाहेर पडेपर्यंत आम्हा तीन मोठ्या माणसांना दुसरा उद्योग सुचला नाही. तेव्हापासून हे नाव. खरं नाव शाळेच्या हजेरीत होतं, तिथंही मी कधी कधी चुकायचे. पोरगी चुणचुणीत, बडबडी, नकला करण्यात बापाची सगळी कसर भरून काढणारी. भावजींचं "घ्या" ती इतकं हुबेहूब म्हणायची की तेही मान खाली घालून हसायचे. दोरीवरच्या उड्यांत तिचा हात धरणारं गल्लीत कुणी नव्हतं. आणि कपडे. शाळेचा गणवेश सगळ्यांना सारखाच, पण बटणच्या अंगावर तो काही वेगळाच दिसायचा. कुठं चुणी नाही, कुठं लोंबणं नाही. इतर आया मला विचारायच्या, तुमच्या ताई आमच्या मुलीचाही असा शिवतील का? ताई शिवून द्यायची. तरी तो तसा बसायचा नाही, आणि त्या आया ताईवर बोटं मोडायच्या की स्वतःच्या पोरीला एक आणि दुसऱ्यांच्या पोरींना एक.

बटण सहावीत माझ्या वर्गात आली. शाळेत मला "बाई" म्हणायचं आणि घरी "मावशी", हा नियम तिनं आपणहून केला होता आणि तो मोडला की स्वतःलाच चापट मारून घ्यायची. त्या वर्षी सममितीचा धडा आला. आम्ही पानं दुमडली, कागदी फुलपाखरं दुमडली, चौरसाला किती घड्या चालतात आणि आयताला किती, ते दुमडून पाहिलं. आयताला कोपऱ्यातून कोपऱ्यात घडी घालून ती जुळतच नाही हे पाहून एक मुलगा मनापासून दुखावला. वर्तुळाला कुठूनही घाला, जुळतेच. "वर्तुळाचं बरं आहे बाई," बटण म्हणाली, "त्याला कुठूनही इस्त्री करा."

मग मला सुचलं की माणसाची घडी घालून पाहावी. भावजींचा कागद वर्गात पसरला. एकानं उताणं झोपायचं, दुसऱ्यानं भोवती पेन्सिल फिरवायची, आकृती कापायची आणि नाकाच्या रेघेवर दुमडायची. मुलांना असा तास म्हणजे पर्वणी. वर्गभर पालथी-उताणी पोरं आणि गुदगुल्यांचा आरडाओरडा. बाकीच्यांच्या आकृत्या साधारण जुळल्या. कुणाचा कान जास्त, कुणाचा अंगठा, कारण पेन्सिल हलते.

बटणची जुळेना. डोकं जुळलं, पाय जवळपास जुळले, मधलं धड मात्र एका बाजूला भरलेलं आणि दुसऱ्या बाजूला खोलगट. तिची चष्मेवाली मैत्रीण रडवेली झाली, सगळे तिला हसत होते. मी म्हटलं, पुन्हा काढ. पुन्हा तसंच. मग मी स्वतः गुडघ्यांवर बसले आणि पेन्सिल फिरवली, अगदी अंगाला धरून. कापली, दुमडली. तीच गत.

"बाई, मी सममित नाही," बटण हसत म्हणाली आणि त्या आकृतीची वाकडी कंबर धरून चालायची नक्कल केली. वर्ग हसला. मीही हसले, आणि हसता हसता तिच्याकडे पाहिलं. ती उभी होती, गणवेशात, सरळ. खांदे सरळ, कमरेचा पट्टा सरळ, खालची दुमड जमिनीशी समांतर. मग कागद वाकडा का? कागदाला खोटं बोलण्याचं काय कारण? पेन्सिल अंगाला धरून फिरली होती, कपड्याला नाही.

संध्याकाळी ती आकृती गुंडाळून मी ताईकडे गेले. बटण गल्लीत खेळत होती. ताई गळपट्टीला इस्त्री करत होती. मी टेबलावर कागद पसरला, दुमडला आणि तिच्यापुढे सरकवला. तिनं एकदा पाहिलं आणि इस्त्री उभी करून ठेवली.

"हो," ती म्हणाली. "उजवा खांदा वर आहे तिचा. कंबर डावीकडे आत जाते. घेते मी सांभाळून."

"तुला माहीत आहे?"

"माप मीच घेते ना."

"किती दिवस झाले ताई?"

"वाढीचं अंग आहे, थोडं इकडंतिकडं होतंच. अगं, सरळ माणूस असतं कुठं? तुझासुद्धा डावा खांदा..."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तिला नाही नाही ते बोलले. कोट शिवायला येणारा पोस्टमन वेगळा आणि पोटची पोर वेगळी, हे तुला कळत नाही का? तिची उघडी पाठ शेवटची कधी पाहिलीस? ताई म्हणाली, अंघोळ आता ती एकटी करते, मोठी झाली. टेप आपण बनियनवरून लावतो. एवढं बोलून तिनं इस्त्री उचलली, गळपट्टीवर ठेवली आणि उचलायची विसरली. पांढऱ्या कापडावर इस्त्रीचा तपकिरी आकार उमटला. ताईच्या हातून कापड जळलेलं मी त्या आधी पाहिलं नव्हतं.

तिची चूक काय होती, यावर मी नंतर पुष्कळ डोकं शिणवलं. दुसरी कुठलीही आई मुलीचा एक खांदा वर पाहून घाबरली असती आणि तिला घेऊन धावत सुटली असती. ताई घाबरली नाही, कारण तिनं आयुष्यात वाकडे खांदे सोडून दुसरं पाहिलंच नव्हतं. दर वर्षी फरक थोडा वाढला आणि दर वर्षी हिनं तो कापडात जिरवला. तिनं तो इतका नीट जिरवला की बापाला दिसला नाही, शाळेला दिसला नाही, रोज समोर बसणाऱ्या मावशीला दिसला नाही आणि पोरीला स्वतःला आरशात दिसला नाही. कपडे जरा वाईट शिवता आले असते तर बरं झालं असतं.

हाडांच्या डॉक्टरांनी बटणला पाठमोरं उभं केलं आणि पुढं वाकायला सांगितलं. ती वाकली. पाठीची उजवी बाजू उशीसारखी वर आली. आम्ही तिघंही मागं उभे होतो. भावजींनी भिंतीला हात लावला. एक्स-रेच्या काचेवर कणा एका बाजूला गेलेला दिसत होता, पण डॉक्टर म्हणाले की हे सपाट चित्र आहे, खरा कणा नुसता बाजूला गेलेला नाही, तो पिळलेला आहे आणि बरगड्यांना बरोबर घेऊन पिळलाय. फुप्फुसाची जागा कमी होत चाललीय. लहानपणी, वाढ सुरू होताना आणलं असतं तर अंगाला घट्ट बसणारा पट्टा लावून थोपवता आलं असतं. आता पट्ट्याच्या पलीकडे गेलं आहे.

"इतकं होईपर्यंत घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही?" त्यांनी विचारलं. आवाज रागाचा नव्हता. ते सगळ्यांना विचारत असतील.

ताई म्हणाली, "नाही."

मी तिच्याकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. बटण बनियन सारखं करत होती, ती म्हणाली, "आईला दिसलं नाही म्हणजे कुणालाच दिसलं नसतं डॉक्टर. आईच्या नजरेतून काही म्हणजे काही सुटत नाही." आणि ती आईचा हात धरून उभी राहिली. ताईचा चेहरा त्या वेळी कसा झाला ते मला लिहिता येत नाही. भावजी जिन्यात म्हणाले, "चला."

ऑपरेशन मोठ्या इस्पितळात झालं. कण्याला दोन सळया बसवल्या, मणके एकमेकांना जोडले. ताई त्या दिवशी बाकावर बसून हातातल्या रुमालाची घडी घालत होती आणि मोडत होती. मी एकदा तिच्या हातातून तो काढून घेतला, तर ती पदराच्या टोकाशी तेच करू लागली. बोलायला गेलं असतं तर माझ्या तोंडून पुन्हा तेच निघालं असतं, आणि ते तिला माहीत होतं.

पोरगी वाचली. चालू लागली. डॉक्टरांनी तिला जवळजवळ सरळ केलं आणि ती एका दिवसात उंच झाली, हे तिलाच फार गमतीचं वाटलं. मग हळूहळू बाकीचं लक्षात आलं. पाठीचा मधला भाग आता वाकत नाही. खाली पडलेली टाचणी उचलायला तिला गुडघे टेकून बसावं लागतं. जिना चढताना मधल्या पायरीवर थांबून श्वास घ्यावा लागतो, आणि तो कायमचा तसाच राहणार. दोरी तिनं एके दिवशी समोरच्या घरातल्या मुलीला देऊन टाकली. कुणी सांगितलं नव्हतं. देऊन आली आणि आईला म्हणाली, "तिला चांगली येते." ताई स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ भांडी घासत राहिली. भांडी स्वच्छच होती.

पुढची गोष्ट रविवारची. चष्मेवाली मैत्रीण घरी येणार होती. ताई बटणसाठी नवीन फ्रॉक शिवणार होतीच, कापडही आणून ठेवलं होतं, पण ऑपरेशनपासून तिचा हात त्या कापडाला लागत नव्हता. बटणनं कपाट उघडलं आणि आपला सगळ्यात आवडता निळा फ्रॉक घातला. मी टेबलाच्या कडेला उत्तरपत्रिका तपासत बसले होते. ताई मशीनवर होती. पोरगी आरशासमोर जाऊन उभी राहिली.

फ्रॉक आखूड झाला होता, ते सगळ्यांना अपेक्षितच होतं. पण तो वाकडा होता. डावा खांदा फुगून वर आलेला, उजवीकडे ताण पडलेला, कमरेची शिवण एका बाजूला उतरलेली, खालचा काठ तिरका. सरळ झालेल्या अंगावर तो कुणा दुसऱ्याच मुलीचा फ्रॉक टांगल्यासारखा दिसत होता. बटणनं तो ओढून पाहिला, खांदा दाबून पाहिला. तिला वाटलं धुताना आटला असेल.

"काढ तो," ताई मशीन न थांबवता म्हणाली. "नवा शिवते."

बटणनं काढला नाही. शिंप्याच्या घरात वाढलेली मुलगी. तिनं डाव्या खांद्याचं अस्तर चिमटीत धरलं आणि आतली कापसाची गादी बोटांना लागली. उजवीकडे गादी नव्हती. मग ती आत गेली, दुसरा फ्रॉक घालून आली. तोही तसाच वाकडा, म्हणून पुन्हा आत गेली. नंतर बराच वेळ बाहेर आली नाही, म्हणून मी उठून पाहिलं.

ताईनं मुलीचे लहानपणापासूनचे सगळे कपडे ट्रंकेत ठेवले होते, आयांना असतो तो सोस. बटण पलंगाशी गुडघे टेकून बसली होती आणि एकेक फ्रॉक बाहेर काढून पलंगावर पसरत होती. प्रत्येकाची तिनं मधून घडी घातली होती, गळ्याच्या मध्यापासून खालच्या काठाच्या मध्यापर्यंत, आम्ही वर्गात घालायचो तशी. अगदी लहानपणचे, टोपरं घालायच्या वयातले, काठाला काठ जुळत होते. मग एकाचा खांदा जरासा बाहेर. त्याच्या पुढच्याचा त्याहून थोडा जास्त. रांग पलंगाच्या कडेपर्यंत गेली होती आणि शेवटच्या फ्रॉकची एक बाजू दुसरीबाहेर चांगली चार बोटं डोकावत होती.

ताई माझ्या मागं येऊन उभी राहिली होती. मशीन केव्हा थांबलं ते मला कळलं नाही.

"आई," बटण म्हणाली. तिनं मधल्याच एका फ्रॉकवर बोट ठेवलं. पिवळ्या, छोट्या छोट्या खिशांच्या. "हा मी दुसरीत असताना घालायचे ना?"

"हो."

"तेव्हापासून माहीत होतं तुला?"

ताई खाली बसली. पोरीच्या शेजारी, जमिनीवर. "अगं, मला वाटलं सगळेच असतात तसे. कुणाचेच खांदे सारखे नसतात. गिऱ्हाइकं येतात, त्यांचेही..."

"गिऱ्हाइकांचे नमुने अर्धे आहेत आई." बटणचा आवाज चढला नव्हता. "खिळ्यावर सगळ्यांचे अर्धे आहेत. माझेच पूर्ण आहेत. मला वाटायचं, माझे तू लाडानं पूर्ण करतेस."

मी वळून दारातून दुकानाच्या भिंतीकडे पाहिलं. इतकी वर्षं त्या खोलीत येऊन मी ते पाहिलं नव्हतं. शेवटच्या खिळ्यावर बटणचे नमुने होते, डावी बाजू आणि उजवी बाजू वेगवेगळी कापलेली. घडीवर कापून जे भागत नव्हतं ते ताईनं अख्ख्या कागदावर कापलं होतं. पोस्टमनसाठी नाही, दूधकेंद्रावरच्या बाईंसाठी नाही. म्हणजे हे सगळ्यांसारखं नाही, हे तिच्या हातांना कळलं होतं. मग तिला कळलं नव्हतं असं कसं म्हणायचं? आणि कळलं होतं असं तरी कसं म्हणायचं? जिनं पोरीला तळहाताच्या फोडासारखं जपलं तिच्याबद्दल मी हे लिहितेय.

"डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तू नाही म्हणालीस," बटण म्हणाली. "आणि मी तुझ्या बाजूनं बोलले."

ताईनं तिच्या पाठीवर हात ठेवायला उचलला. जखम आता भरलेली होती, हात ठेवायला हरकत नव्हती. पण तो तिनं ठेवला नाही. तिला रडूही आलं नाही. ती फ्रॉकची रांग बघत बसली आणि थोड्या वेळानं एकेक उचलून ट्रंकेत परत ठेवू लागली, मोठ्यापासून लहानाकडे. बटण तिला मदत करत होती. गुडघ्यांवर सरकत एकेक हातात देत होती. भांडण असतं तर मला मधे पडता आलं असतं.

त्याला आता बरीच वर्षं झाली. बटण नोकरी करते, औषधाच्या दुकानात हिशेब बघते. राहते आईबापांजवळच. घरात काही अबोला नाही. दोघी हसतात, बाजारात जातात, भावजींच्या मुकेपणावर दोघी मिळून तोंडसुख घेतात. आई आजारी पडली की पोरगी रजा काढते. कुणी बाहेरचा माणूस बघेल तर म्हणेल, किती गुणी मुलगी आहे, आणि ते खरंच आहे. फक्त त्या रविवारनंतर तिनं आईला माप घेऊ दिलेलं नाही. नको असं कधी म्हणाली नाही. तुला कशाला त्रास, म्हणाली. मग, आता वेळ नाही, म्हणाली. मग ताईनं विचारणं सोडून दिलं. निळ्या फ्रॉकच्या जागी जे कापड आणलं होतं त्याचे ताईनं उशांचे अभ्रे शिवले.

बटण कपडे तयार घेते. मोठ्या दुकानातून, टांगलेल्या रांगेतून, चिठ्ठीवरचा आकडा बघून. कुणा अनोळखी माणसानं एकावर एक शंभर कापडं ठेवून एकदम कापलेले, डावं-उजवं अगदी एक.

गेल्या महिन्यात मी ताईकडे बसले होते तेव्हा बटण नवा कोट घालून बाहेर आली. राखाडी, साधा. आरशासमोर उभी राहिली आणि आरशातूनच मला म्हणाली, "मावशी, कसा आहे?"

मी चांगला आहे म्हटलं. ताईनं मशीनवरून मान वर केली. तिचे डोळे पहिल्यांदा खांद्यांवर गेले, एकावरून दुसऱ्यावर. मग बाहीच्या मुंढ्यांवर, मग कमरेवर, मग खालच्या काठावर. बटण हलली नाही. आईचं बघून होईपर्यंत ती हात सरळ सोडून तशीच उभी राहिली.

"छान बसलाय," ताई म्हणाली. "काही करायला नको."